भरपाई दिली, हिशेब उरला : युद्धोत्तर जपानची परराष्ट्रनीती, वर्ध्याहून पाहताना

सिंदी मेघेहून सायकल काढली की वर्धा शहर पार करून गोपुरीला पोचायला फार वेळ लागत नाही. तिथे गीताई मंदिराच्या शेजारी विश्वशांती स्तूप आहे. पांढरा घुमट, चारी दिशांना बुद्धाच्या सोनेरी मूर्ती आणि बाजूच्या जपानी मंदिरातल्या भिक्खूंची ती डफली, हातपंख्याच्या आकाराची, काठीने वाजवायची. घरी पाहुणे आले की आम्ही त्यांना सेवाग्राम, पवनार आणि हा स्तूप असा फेरा घडवून आणतो. पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी विचारतोच, "जपान्यांनी वर्ध्यात स्तूप का बांधला?"

त्याचे थोडक्यात उत्तर असे की निचिदात्सू फुजी नावाचे जपानी बौद्ध भिक्खू 1933 साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले, आणि त्यांनीच स्थापन केलेल्या निप्पोनझान म्योहोजी या संघाने पुढे जगभर शांतिस्तूप उभारले. वर्ध्याची जुनी माणसे त्यांना फुजी गुरुजी म्हणतात. पण या उत्तराने प्रश्न संपत नाही. 1933 आणि हा स्तूप यांच्या मध्ये एक महायुद्ध आहे, दोन अणुबॉम्ब आहेत, आणि त्यानंतरची सगळी दशके आहेत, ज्यांत जपानने शस्त्र खाली ठेवून जगाशी नव्याने नाते जोडले. ते नाते कसे जोडले, कुठे सांधले आणि कुठे तुटकेच राहिले, याचा हा आढावा. तो वर्ध्याहून घेण्याला कारण आहे. या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग इथेच, युद्ध चालू असताना, विचारला गेला होता.

1938 च्या डिसेंबरात ताकाओका नावाचे जपानी संसद सदस्य गांधीजींना भेटायला शेगावला आले. शेगाव म्हणजे आजचे सेवाग्राम. हे नाव 1940 मध्ये बदलले. जपानने चीनवर मोठा हल्ला चढवून तेव्हा दीड वर्ष होत आले होते. भारत आणि जपान यांच्या एकीसाठी गांधीजींनी काही संदेश द्यावा, अशी पाहुण्यांची इच्छा होती. 'आशिया आशियावासीयांचा' ही घोषणा त्या काळी जपानमध्ये जोरात होती. युरोपविरुद्धची आघाडी असा तिचा अर्थ असेल तर ती मला मान्य नाही, असे गांधीजींनी त्यांना स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले होते. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परतलेच नाहीत. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करता करता 9 डिसेंबर 1942 रोजी ते चीनमध्येच वारले. व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे हे नाव मराठी घराघरांत पोचले. पण ते कुणाच्या आक्रमणात कामी आले, हा तपशील आपल्या आठवणीत पुसट होत गेला.

14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात 'चले जाव'चा ठराव केला आणि चारच दिवसांनी गांधीजींनी सेवाग्रामहून जपानी जनतेला उद्देशून एक पत्र लिहिले. ते 26 जुलैच्या 'हरिजन'मध्ये छापून आले. तेव्हा जपानी सैन्य ब्रह्मदेश घेऊन भारताच्या सीमेला टेकले होते आणि एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्बही पडले होते. पत्राचा आशय थोडक्यात सांगतो. रशियावरच्या तुमच्या विजयाने दक्षिण आफ्रिकेत असताना मीही हरखलो होतो. पण चीनवरचा तुमचा हल्ला मला अत्यंत नापसंत आहे. भारतात तुमचे स्वागत होईल अशा भ्रमात राहू नका. आज तुम्ही जे शस्त्र वापरता आहात त्यापेक्षा वरचढ शस्त्र उद्या दुसरा कुणी वापरेल आणि त्यानेच तुम्हाला हरवेल. आणि तुम्ही जिंकलात तरी, ज्याचा तुमच्या लोकांना अभिमान वाटावा असा कोणताही वारसा तुम्ही मागे ठेवणार नाही, कारण क्रौर्य कितीही कौशल्याने केले तरी त्याची कहाणी अभिमानाने सांगता येत नाही.

वरचढ शस्त्राबद्दलचे बोलणे तीन वर्षांत हिरोशिमाला खरे ठरले. फुजी गुरुजींचा जन्म 6 ऑगस्ट 1885 चा. हिरोशिमावर बॉम्ब पडला त्या दिवशी त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. वारशाबद्दलचे बोलणे मात्र अजून संपलेले नाही. जपानच्या युद्धोत्तर परराष्ट्रनीतीचा माझ्या मते तोच गाभा आहे. या देशाने पैशाने, यंत्रांनी, कर्जांनी जगाचे देणे ज्या चिकाटीने फेडले त्याला तोड नाही. पण अभिमानाने सांगता न येणारी कहाणी शेजाऱ्यांसमोर कशी सांगायची, याचे उत्तर त्याला अजून पूर्ण सापडलेले नाही. आणि आपण भारतीय हे नीट पाहू शकत नाही, कारण आपण जपानकडे ना भरपाई मागितली, ना ती कहाणी.

15 ऑगस्ट 1945 रोजी सम्राटांनी शरणागती जाहीर केली, तेव्हा जपानला परराष्ट्रनीती असणेच शक्य नव्हते. देश अमेरिकी सेनापती मॅकआर्थरच्या ताब्यात गेला आणि परराष्ट्र व्यवहार गोठले. 3 मे 1947 रोजी नवे संविधान अमलात आले. त्याच्या नवव्या कलमात जपानने युद्धाचा हक्क कायमचा सोडला आणि लष्कर न ठेवण्याचे मान्य केले. हे कलम अमेरिकी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली लिहिले गेले, म्हणून ते लादलेले आहे असे तिथले उजवे लोक आजही म्हणतात. हे म्हणणे मला अपुरे वाटते. कागद कुणी लिहिला यापेक्षा तो कुणी जपला हे महत्त्वाचे असते. राख झालेल्या शहरांतल्या बायकांनी, शिक्षकांनी, कामगारांनी ते कलम आपले मानले, आणि पुढची सत्तरपेक्षा अधिक वर्षे संविधानाचा एक शब्दही कुणाला बदलता आला नाही.

या काळात भारताने जपानशी जे वर्तन ठेवले त्याचा अभिमान वाटावा असे त्यात पुष्कळ आहे. युद्धात उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती मारले गेले होते. टोकियोच्या मुलांनी पत्रे लिहून हत्ती मागितला आणि नेहरूंनी 1949 मध्ये 'इंदिरा' नावाची हत्तीण पाठवली. त्याच वर्षी डिसेंबरात शांतिनिकेतन आणि सेवाग्राम इथे जागतिक शांतिवाद्यांची परिषद झाली आणि ताब्यातल्या जपानमधूनही प्रतिनिधी आले. ज्या आश्रमातून सात वर्षांपूर्वी जपानला खडे बोल सुनावले गेले, तिथेच पराभूत देशाची माणसे बरोबरीने बसली.

मग सॅन फ्रान्सिस्को. 8 सप्टेंबर 1951 रोजी 48 देशांनी जपानशी शांतता करार केला. चीनला बोलावलेच नव्हते, कारण पेकिंग खरा की तैपेई यावर अमेरिका आणि ब्रिटनचे जुळत नव्हते. कोरियालाही बोलावले नव्हते. सोव्हिएत संघ आला आणि सही न करता गेला. भारताने निमंत्रणच नाकारले. अमेरिकी फौजा जपानमध्ये राहणार, ओकिनावा अमेरिकेच्या हाती जाणार, आणि तैवान चीनला परत देण्याचा उल्लेख नाही, हे भारताचे आक्षेप होते. नंतर 9 जून 1952 रोजी भारताने टोकियोत वेगळा करार केला, त्यात भरपाईचा हक्क सोडला आणि युद्धकाळात जप्त केलेली जपानी मालमत्ता परत देण्याचे कबूल केले. जपानला समान म्हणून वागवणारा हा करार होता, आणि टोकियोत तो कुणी विसरलेले नाही.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्याच दिवशी अमेरिका आणि जपान यांनी सुरक्षा करारही केला. इथे शिगेरू योशिदा या पंतप्रधानांचे नाव घ्यावे लागते. रक्षणाचा भार अमेरिकेवर, आपले सारे बळ उद्योगाला, आणि शस्त्रांवर शक्य तितका कमी खर्च, असा त्यांचा हिशेब होता. पुढे याला योशिदा मार्ग म्हटले गेले. 1954 मध्ये आत्मसंरक्षण दले उभी राहिली. पण 'लष्कर' हा शब्द टाळला गेला. या मार्गाची किंमत ओकिनावाने चुकवली. 1972 मध्ये ते बेट जपानला परत मिळाले, पण तळ तिथेच राहिले. जपानच्या भूमीपैकी अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त असलेल्या त्या प्रांतात अमेरिकी तळांचे सुमारे सत्तर टक्के क्षेत्र आहे. शांततावादी देश आणि तळांनी व्यापलेले बेट या एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत. योशिदांचे कौतुक करणाऱ्या पुस्तकांत ओकिनावा तळटीपेत जाते, याची मला खंत वाटते.

भरपाईचे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण पुढची सगळी जपानी मदत तिथूनच जन्मली. जपानने 1954 मध्ये ब्रह्मदेशाशी, 1956 मध्ये फिलिपिन्सशी, 1958 मध्ये इंडोनेशियाशी आणि 1959 मध्ये दक्षिण व्हिएतनामशी भरपाईचे करार केले. फिलिपिन्सची रक्कम सर्वांत मोठी, 55 कोटी डॉलर. पण हे देणे रोखीने नव्हते, जपानी माल आणि जपानी सेवा या रूपात होते. म्हणजे मनिलाला जहाज मिळे, त्याचे काम जपानी गोदीला मिळे, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी, सुट्या भागांसाठी मनिला पुन्हा जपानकडेच येई. ज्या देशांत जपानचे नाव काढताच लोक थुंकत, तिथे दहा वर्षांत जपानी यंत्रे पोचली. देणे फेडता फेडता बाजारपेठ उभी राहिली. याला लबाडी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. डॉलर नसलेल्या, भुकेल्या देशाकडे द्यायला श्रमाखेरीज दुसरे काय होते? प्रश्न वेगळाच आहे. वस्तू पोचल्या, त्यांच्याबरोबर शब्द पोचले का?

याच रीतीचा एक धागा आपल्या कोकणकिनाऱ्यावर सापडतो. चीनचे लोहखनिज बंद झाल्यावर जपानी पोलाद कारखान्यांना नवा स्रोत हवा होता. 1951 मध्ये, गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असतानाच, जपानने शिरगावच्या खाणीसाठी चौगुल्यांना यंत्रे आणि कर्ज दिले, आणि फेड खनिजातूनच घ्यायची असे ठरले. जपानी भांडवलाने युद्धानंतर परदेशात घातलेल्या पहिल्या पावलांत याची गणना होते. आधी कर्ज, मग यंत्र, मग कच्चा माल, हा नमुना पुढे कितीतरी देशांत गिरवला गेला. मुरगाव बंदरातून निघालेल्या बोटींनी जपानच्या उभारणीला पोलाद पुरवले आणि डिचोली, सांगे भागातल्या डोंगरांना कायमची भगदाडे पाडली. 1960 मध्ये बस्तरच्या बैलाडिल्याच्या खनिजाचाही करार झाला, आणि विशाखापट्टणमपर्यंतची रेल्वे त्यापायी आली.

1957 हे वर्ष दोन देशांत सर्वांत गोड म्हणावे लागेल. मे महिन्यात नोबुसुके किशी भारतात आले. जपानी पंतप्रधानांची ती पहिली भारतभेट. ऑक्टोबरात नेहरू जपानला गेले. 1958 मध्ये जपानने भारताला येनमध्ये कर्ज दिले. जपानने जगात कुठल्याही देशाला दिलेले ते पहिले येन-कर्ज. पण हेच किशी युद्धकाळात मंत्री होते आणि शरणागतीनंतर युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून तुरुंगात होते. 1960 मध्ये त्यांनी अमेरिकेशी सुरक्षा करार नव्याने केला, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांना पद सोडावे लागले. दिल्लीत ज्यांच्या गळ्यात हार पडले त्यांना टोकियोतल्या विद्यार्थ्यांनी माफ केले नव्हते.

पन्नास ते सत्तरच्या दशकांतून मी भराभर जातो. 1956 मध्ये सोव्हिएत संघाशी संबंध पूर्ववत झाले आणि त्याच डिसेंबरात जपान संयुक्त राष्ट्रांत गेला. उत्तरेकडच्या चार बेटांचा वाद मात्र तसाच राहिला, आजही आहे. 1965 मध्ये दक्षिण कोरियाशी करार झाला. त्यात 30 कोटी डॉलर अनुदान आणि 20 कोटी डॉलर कर्ज होते. त्या पैशाचा काही भाग पोहांगच्या पोलाद कारखान्यात गेला. दाव्यांचा निकाल 'पूर्णपणे आणि अंतिमतः' लागला, असे कागदावर लिहिले गेले. 1971 मध्ये निक्सनने जपानला न सांगता चीनशी संधान बांधले, तो टोकियोला मोठा धक्का होता. पुढच्याच वर्षी पंतप्रधान काकुएई तानाका पेकिंगला गेले आणि संबंध जुळले. चीननेही भरपाई सोडली. 1979 पासून जपानने चीनला कर्जे देणे सुरू केले, आणि चीनची बंदरे, रेल्वेमार्ग, वीजकेंद्रे त्यातून उभी राहिली. ते भरपाईच्या जागी आहे असे कुणी मोठ्याने म्हटले नाही. दोघांनाही ते कळत होते.

आग्नेय आशियात मात्र नुसत्या मालाने भागले नाही. 1974 मध्ये तानाका बँकॉकला गेले तेव्हा निदर्शने झाली, जाकार्ताला गेले तेव्हा दंगल उसळली, जपानी गाड्या जाळल्या गेल्या. त्यातून जपान शिकला, हे मला महत्त्वाचे वाटते. ऑगस्ट 1977 मध्ये पंतप्रधान ताकेओ फुकुदांनी मनिलात जाहीर केले की जपान लष्करी सत्ता होणार नाही, मनाशी मन जुळवील आणि आग्नेय आशियातल्या देशांशी बरोबरीने वागेल. युद्धोत्तर जपानने स्वतःहून, कुणी न सांगता मांडलेली ही बहुधा पहिली स्पष्ट भूमिका. केंट काल्डर या अभ्यासकाने 1988 मध्ये जपानला 'प्रतिक्रियेवर चालणारे राष्ट्र' म्हटले. बाहेरचा दाब आला की हलायचे, एरवी नाही. मनिलाचे उदाहरण पाहिले की हे वर्णन सगळीकडे लागू पडत नाही. दाब रस्त्यावरच्या विद्यार्थ्यांचा होता, पण उत्तर जपानचे स्वतःचे होते. आज फिलिपिन्स, इंडोनेशिया, व्हिएतनाम इथे जपानविषयी जी आस्था आहे तिची पायाभरणी त्या भाषणात आहे.

मग कोरिया आणि चीनमध्ये तसे का झाले नाही? तिथली जखम अधिक खोल होती, हे एक उत्तर. कोरिया 1910 पासून 35 वर्षे वसाहत होता, चीनमध्ये युद्ध आठ वर्षे चालले. पण दुसरे उत्तर जपानच्या स्वतःच्या वागण्यात आहे. 1982 मध्ये शालेय पाठ्यपुस्तकांत आक्रमणाची भाषा सौम्य केल्याच्या बातम्यांवरून वादळ उठले. 15 ऑगस्ट 1985 रोजी पंतप्रधान नाकासोने अधिकृतरीत्या यासुकुनी देवळात गेले. तिथे युद्धात मेलेल्या लाखो सैनिकांबरोबर युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यात मृत्युदंड झालेल्या नेत्यांचीही पूजा होते. दुसऱ्या बाजूला 1993 मध्ये मुख्य कॅबिनेट सचिव कोनो यांनी सैन्यासाठी वेश्यालयांत डांबलेल्या स्त्रियांविषयी, आणि 15 ऑगस्ट 1995 रोजी पंतप्रधान मुरायामांनी वसाहतवाद आणि आक्रमणाविषयी मनापासून माफी मागितली. या दोन निवेदनांची भाषा आजही वाचवत नाही इतकी सरळ आहे. पण एका मंत्र्याने माफी मागायची आणि दुसऱ्याने पुढच्या महिन्यात तिच्यावर पाणी ओतायचे, असे इतक्यांदा घडले की ऐकणाऱ्याने कशावर विश्वास ठेवावा? 2018 मध्ये दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या मजुरांना जपानी कंपन्यांनी भरपाई द्यावी असा निकाल दिला आणि 1965 चे ते 'अंतिमतः' पुन्हा उघडले.

इथे आपल्याकडे वळतो, कारण या बाबतीत भारतीय वाचकाची गफलत मला फार जाणवते. टोकियो खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारा निकाल लिहिला. जपानमध्ये त्यांचे स्मारक आहे, यासुकुनीच्या आवारातही आहे. 2007 मध्ये पंतप्रधान शिंझो आबे कोलकात्याला जाऊन त्यांच्या मुलाला भेटले. पालांचा मुद्दा असा होता की कृत्य घडले तेव्हा नसलेल्या कायद्याने जेत्यांनी पराभूतांना शिक्षा करू नये. अत्याचार झाले नाहीत असे त्यांनी म्हटले नव्हते. नानकिंगच्या हत्याकांडाचे पुरावे त्यांनी मानले होते. पण हा निकाल जपानमधल्या काही लोकांनी निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र म्हणून वापरला, आणि आपण त्याला मैत्रीची खूण मानून हरखलो.

आणि आपली स्वतःची माणसे? अंदमान 1942 ते 1945 जपानी ताब्यात होते. तिथे डॉ. दिवाण सिंग यांचा छळ करून जीव घेतला गेला. जानेवारी 1944 च्या अखेरीस होमफ्रेगंजला हेर असल्याच्या संशयावरून 44 जणांना गोळ्या घालण्यात आल्या. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर मलायातून नेलेले तमिळ मजूर हजारोंनी मेले. नेताजींच्या आझाद हिंद सेनेमुळे आपल्या मनात जपानची जी प्रतिमा आहे तिच्यात या लोकांना जागा नाही. आझाद हिंदच्या सैनिकांचा त्याग मानण्यासाठी अंदमानचे मृत विसरायची गरज नाही. 1952 मध्ये भारताने पैशाची भरपाई सोडली, ते मोठेपणाचे होते. पण त्याबरोबर आठवणही सोडून देण्याचा अधिकार कुणाला होता?

पु. ल. देशपांड्यांच्या 'पूर्वरंग'पासून मराठी माणसाच्या मनात जपान म्हणजे टापटीप, कष्ट आणि सौंदर्य. ते सगळे खरे आहे. तरीही साठ ते ऐंशीच्या दशकांत दोन देश एकमेकांपासून दूरच होते. भारत अलिप्त आणि मॉस्कोकडे झुकलेला, जपान वॉशिंग्टनला बांधलेला. ऐंशीच्या दशकात मारुती-सुझुकी आली तेव्हा मध्यमवर्गाला जपान पुन्हा दिसला. 1991 च्या संकटात भारताचे सोने बँक ऑफ इंग्लंडबरोबर बँक ऑफ जपानकडेही तारण गेले. मे 1998 मध्ये पोखरणला स्फोट झाले आणि जपानने नवी मदत थांबवली. 2001 मध्ये ती बंधने उठली. मधल्या काळात, 2000 च्या ऑगस्टमध्ये, पंतप्रधान योशिरो मोरी दिल्लीत येऊन जागतिक भागीदारीची भाषा बोलले होते.

दरम्यान जपान स्वतःही बदलत होता. 1991 च्या आखाती युद्धात त्याने सुमारे 13 अब्ज डॉलर दिले, सैनिक पाठवले नाहीत. युद्धानंतर कुवेतने आभार मानलेल्या देशांच्या यादीत जपानचे नावच नव्हते. तो घाव तिथल्या राज्यकर्त्यांना फार लागला. 1992 मध्ये शांतिसेनेचा कायदा झाला, जवान कंबोडियाला गेले, 2004 मध्ये इराकच्या समावामध्ये गेले. 2014-15 मध्ये आबेंनी मित्रदेशासाठी लढण्याची वाट उघडली. डिसेंबर 2022 मध्ये पंतप्रधान किशिदांनी संरक्षणखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांपर्यंत नेण्याचा आणि शत्रूच्या तळावर प्रतिहल्ला करण्याची क्षमता मिळवण्याचा निर्णय घेतला. नववे कलम जागच्या जागी आहे. त्याचा अर्थ मात्र थराथराने बदलत गेला. चीनची वाढती नौदल शक्ती, उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे आणि युक्रेनवरचा रशियाचा हल्ला पाहता जपानची भीती खरी आहे, हे मी मान्य करतो. पण ज्या शेजाऱ्यांशी कहाणी बोलून झालेली नाही, त्यांच्याच समोर पुन्हा शस्त्र उचलणे, हे फुकुदांच्या वाटेवरून चालत येऊन उचलण्यासारखे नाही.

22 ऑगस्ट 2007 रोजी आबे भारताच्या संसदेत दोन महासागरांच्या संगमाबद्दल बोलले. आजच्या हिंद-प्रशांत कल्पनेचे आणि क्वाडचे मूळ त्या काळात आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या भारताशी जपानने अणुऊर्जा करार केला. हिरोशिमा-नागासाकीच्या महापौरांनी त्याला विरोध केला होता, आणि त्यांचा विरोध मला समजतो.

महाराष्ट्रात जपान आज कर्जाच्या रूपाने दिसतो. घाटघरचे जलविद्युत केंद्र, 1992 पासूनचे अजिंठा-वेरूळचे जतन, मुंबईची भुयारी मेट्रो, जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला सुमारे 22 किलोमीटरचा अटल सेतू, पुण्याच्या मुळा-मुठेची शुद्धी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी 0.1 टक्का व्याजाने 50 वर्षांचे कर्ज आहे. अटी सवलतीच्या असल्या तरी हे कर्ज आहे, आणि करार झाला तेव्हा बुलेट ट्रेनची गाडी, सिग्नल, तंत्र जपानचेच घ्यायचे ठरले होते. मनिलाच्या जहाजांत दिसलेली रीत इथेही दिसते. बुलेट ट्रेनसाठी लागणाऱ्या जमिनीबद्दल पालघरच्या आदिवासींनी जी विचारणा केली, तिला टोकियोच्या मदतसंस्थेनेही उत्तर द्यायला हवे, मुंबईच्या मंत्रालयाने तर द्यायलाच हवे.

विदर्भात मात्र सरकारी जपानापेक्षा दुसराच जपान जास्त ओळखीचा आहे. ओकायामाहून आलेले आणि पुढे भारतीय नागरिक झालेले भदंत सुरेई ससाई नागपूरच्या दीक्षाभूमीशी एकरूप झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी देणगीतून 1999 मध्ये उभे राहिले. फुजी गुरुजींनी युद्धानंतरचा पहिला शांतिस्तूप 1954 मध्ये कुमामोतोला बांधला आणि 1969 मध्ये राजगीरचा. या माणसांनी कुठल्या मंत्रालयाचा आदेश घेतला नव्हता. दूतावासांच्या नोंदींत त्यांना ओळभर जागा मिळत असेल. पण आमच्या भागातल्या बौद्ध वस्त्यांत जपान म्हणजे ससाईजी, कर्ज नव्हे.

सेवाग्रामलाही असाच एक जपानी भिक्खू राहत होता. गांधीजी त्याला केशव म्हणत. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला तो आपली डफली घेऊन बसे. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला आणि इंग्रज पोलिसांनी शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला आश्रमातून नेले. 1942 च्या त्या पत्रात, चीनवरच्या हल्ल्याची निर्भर्त्सना करतानाच, गांधीजींनी त्याची आठवण काढली आणि त्याचा मंत्र आमच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला राहिला आहे असे जपानी लोकांना कळवले. आश्रमात आजही सायंकाळी पिंपळाखाली वाळूत माणसे बसतात, आणि पहिला उच्चार त्या मंत्राचाच होतो. नम्यो हो रेंगे क्यो.